क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने: सहांपैकी खरोखर कामाचे किती?

समजा, एका शिक्षकाने वयाच्या ३०व्या वर्षी गणिताची स्वाध्यायपत्रिका तयार केली. ती कुणालाही फुकट मिळावी एवढीच त्याची इच्छा होती, पण तसं त्याने कुठे लिहून ठेवलं नाही. तो ८०व्या वर्षी वारला, तर बर्न या आंतरराष्ट्रीय कराराची किमान मुदत धरूनही ती पत्रिका १०० वर्षं कॉपीराइटच्या कुलुपात राहते: हयातीतली ५० आणि मृत्यूनंतरची ५०. अनेक देशांत मृत्यूनंतरची मुदत ६० किंवा ७० वर्षांची आहे. नोंदणी लागत नाही, खूण लागत नाही. निर्मिती झाली की कुलूप आपोआप बसतं. ते किती सैल करायचं हे निर्मात्याला वकिलाशिवाय ठरवता यावं, यासाठी आज सर्वाधिक वापरात असलेलं साधन म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने.

आधी निकाल सांगून टाकू. साधन भक्कम आहे, पूर्ण फुकट आहे आणि न्यायालयात टिकलेलं आहे; ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने २००६मध्येच या परवान्याच्या अटी बंधनकारक मानल्या होत्या. पण सहा परवान्यांपैकी निर्माता आणि समाज या दोघांचंही हित नीट सांभाळणारे दोनच आहेत. दोन जपून वापरावेत असे आहेत, आणि उरलेले दोन बहुतेकांनी टाळलेले बरे.

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ साली स्थापन झाली. लॉरेन्स लेसिग, हॅल एबलसन आणि एरिक एल्ड्रेड हे संस्थापकांपैकी. अमेरिकेने १९९८मध्ये कॉपीराइटची मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली. ती वाढ जुन्या, आधीच प्रकाशित झालेल्या कृतींनाही लागू होती. एल्ड्रेड यांनी त्याला आव्हान दिलं आणि २००३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ते ७ विरुद्ध २ मतांनी हरले. परवान्यांचा पहिला संच त्याच्या थोडा आधी, डिसेंबर २००२मध्ये आला होता. हा इतिहास माहीत असला की साधनाचा स्वभाव कळतो. ते कायदा बदलत नाही. कायद्याने निर्मात्याच्या हाती दिलेला हक्क वापरूनच ते दार उघडतं, आणि म्हणूनच निर्मात्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय ते कुठेच पोचत नाही.

सध्या चालू आहे ती ४.० आवृत्ती, नोव्हेंबर २०१३ची. प्रत्येक परवान्याचे तीन थर आहेत: वकिली भाषेतला पूर्ण मजकूर, सामान्य वाचकासाठी एका पानाचा सारांश आणि शोधयंत्रांना कळेल असा कोड. बहुतेक जण सारांश वाचून थांबतात, आणि तिथेच पहिली गफलत होते. बंधन पूर्ण मजकुराचं असतं, सारांशाचं नाही. ‘एनडी’, म्हणजे रूपांतर वाटायला मनाई करणारी अट, तिच्या सारांशात ‘रूपांतर नको’ असं ठळक दिसतं. मूळ मजकुरात मात्र स्वतःपुरते बदल करायला मुभा आहे, बंदी आहे ती बदललेली कृती वाटण्यावर. फाइलचा प्रकार बदलणं, म्हणजे छापील मजकूर स्कॅन करणं किंवा व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेणं, हे तर सहाही परवान्यांत चालतं.

सहाच का, हेही पाहू. अटी चार आहेत. ‘बाय’, म्हणजे श्रेय द्या, ही प्रत्येक परवान्यात असते. ‘एनसी’, म्हणजे व्यापारी वापर नको, ही लावायची की नाही हे निर्माता ठरवतो. ‘एसए’ म्हणजे रूपांतर वाटायचं तर याच अटींवर वाटा, आणि ‘एनडी’ म्हणजे रूपांतर वाटूच नका. या शेवटच्या दोन अटी एकत्र नांदू शकत नाहीत. जिथे रूपांतर वाटायचंच नाही तिथे ते कोणत्या अटींवर वाटायचं हा प्रश्नच उरत नाही. म्हणून दोन गुणिले तीन, सहा.

परवाना निवडायचं संस्थेचं ऑनलाइन साधन चांगलं आहे. श्रेय हवं का, पैशासाठी वापरलेलं चालेल का, बदल चालतील का, चालत असतील तर त्याच अटींवर का, असं ते क्रमाने विचारतं आणि शेवटी वेबपानावर चिकटवायचा कोड व छापायला साधी ओळ देतं. पाच मिनिटांचं काम. खातं उघडावं लागत नाही, कुठे नोंद होत नाही. कृती तुमचीच आहे ना, अशा अर्थाच्या चौकटीवर ते टिचकी मारून घेतं, पण खातरजमा करू शकत नाही. सर्वांत महाग पडणारी चूक नेमकी इथे होते. पुस्तिका तुमची, पण आतली तीन चित्रं दुसऱ्याची. लेख तुमचा, पण नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला, त्यामुळे हक्क मालकाचा. गाणं दोघांचं, आणि परवानगी एकाचीच. प्रकाशकाशी केलेल्या करारात हक्क आधीच दिलेले. काही देशांत रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद झालेले संगीतकार स्वतःच्या रचनाही या परवान्याखाली देऊ शकत नाहीत, कारण हक्क संस्थेच्या नावे झालेले असतात. आपल्या हातात नसलेला हक्क सोडता येत नाही. तसा परवाना लावला तर पुढे वापरणारा निष्पाप माणूस अडचणीत येतो. आतली चित्रं दुसऱ्याची असतील तर त्या प्रत्येकाखाली ‘हे चित्र या परवान्यात येत नाही’ अशी ओळ घालणं, एवढ्याने अर्धे तंटे टळतात.

आता एकेक परवाना.

‘सीसी बाय’ सर्वांत मोकळा. छापा, विका, भाषांतर करा, बदला. श्रेय तेवढं द्या. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन आणि पाठ्यसामग्री यांसाठी यापेक्षा योग्य पर्याय नाही. याचा सगळा भार श्रेयावर आहे, आणि ते देण्यातच सर्वाधिक चुका होतात. ‘फोटो: इंटरनेट’ हे श्रेय नव्हे. ‘साभार: क्रिएटिव्ह कॉमन्स’ हेही नव्हे, तो फोटो संस्थेने काढलेला नसतो. चार गोष्टी लागतात: कृतीचं नाव, निर्मात्याचं नाव, मूळ दुवा आणि परवान्याचं नाव आवृत्तीसह. कृतीचं नाव देण्याची सक्ती ४.० आवृत्तीत उरलेली नाही, पण आधीच्या आवृत्त्यांत होती, म्हणून ते नेहमी द्यावं. पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे बदल केला असल्यास तसं सांगणं. ‘कडा कापल्या, कृष्णधवल केलं’ एवढं पुरतं.

श्रेय कुठे द्यायचं? माध्यमाला साजेल अशा वाजवी पद्धतीने, एवढंच मजकूर सांगतो, आणि ही लवचीकता शहाणपणाची आहे. व्हिडिओत शेवटच्या पाटीवर किंवा वर्णनात, छापील पुस्तकात चित्राखाली किंवा मागे पानक्रमांकासह, पॉडकास्टमध्ये भागाच्या टिपणात. चुकलं तर मात्र परिणाम कडक आहे: अट मोडली की परवाना आपोआप संपतो आणि पुढचा वापर साधं उल्लंघन ठरतो. ४.० आवृत्तीने इथे मोठी सुधारणा केली. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना आपोआप पुन्हा सुरू होतो. आधीच्या काळातल्या चुकीबद्दल मालक दाद मागू शकतो, पण पुढचा वापर सुरक्षित होतो. जुन्या २.० आणि ३.० आवृत्त्यांत ही सवलत नाही. ती नसल्याचाच फायदा घेऊन काही जण जुन्या आवृत्तीखाली फोटो टाकतात, श्रेयात एखादा दुवा राहिला की मोठ्या रकमेची नोटीस पाठवतात. हा या परवान्यांचा सर्वांत वाईट गैरवापर आहे. २०२१मध्ये संस्थेने अंमलबजावणी कशी असावी याची तत्त्वं जाहीर केली, पण ती बंधनकारक नाहीत. वापरणाऱ्याच्या हातात एकच उपाय आहे: आवृत्तीचा आकडा पाहावा आणि जुन्या आवृत्तीत श्रेय शब्दशः द्यावं.

‘सीसी बाय-एसए’ थोडा कडक, पण माझ्या मते सर्वांत न्याय्य. तुमची कृती कुणीही पुढे नेऊ शकतो, पण तिच्यापासून बनवलेलं त्याला परत कुलूपबंद करता येत नाही. विकिपीडियाचा मजकूर याच परवान्याखाली आहे. २००९मध्ये विकिपीडिया बाय-एसएकडे आला आणि २०२३मध्ये ४.० आवृत्तीवर गेला. याबद्दलची एक भीती अनाठायी आहे. एसए परवान्याचा फोटो लेखाशेजारी छापला म्हणून अख्खा लेख एसए होत नाही. तो संग्रह असतो, रूपांतर नव्हे. फोटोवर रंगकाम करून नवं चित्र बनवलं तर ते एसए होतं. संगीताचा नियम मात्र वेगळा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो: चालत्या चित्राला संगीत जोडणं हे परवान्याच्या मजकुरातच रूपांतर धरलं आहे. एसए संगीत पार्श्वभूमीला घेतलंत तर तुमचा व्हिडिओ एसए करावा लागतो. एनडी संगीत तर व्हिडिओत घेऊन तो प्रसिद्ध करताच येत नाही.

मिसळण्याचं गणितही आधी करून ठेवावं. बाय आणि बाय-एसए एकत्र केले तर निकाल बाय-एसए. बाय आणि बाय-एनसी एकत्र केले तर नव्या कृतीला एनसीची अट सांभाळावीच लागते. बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए मात्र एकत्र येऊच शकत नाहीत, कारण दोघेही ‘माझ्याच अटी’ म्हणतात आणि अटी वेगळ्या आहेत. खुल्या पाठ्यपुस्तकांचे मोठे प्रकल्प इथे अडकतात: अर्धा मजकूर विकिपीडियाचा, अर्धा एखाद्या विद्यापीठाच्या बाय-एनसी-एसए अभ्यासक्रमातला, आणि दोन्ही गुंफून एक प्रकरण लिहिता येत नाही. उपाय एकच: लिखाण सुरू होण्यापूर्वी स्रोतांचा तक्ता करावा आणि प्रत्येकापुढे परवाना लिहावा.

‘एनसी’बद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण निर्मात्याला सर्वांत जास्त मोह याचाच होतो. ‘माझ्या कामावर दुसऱ्याने पैसे करू नयेत’ ही भावना पूर्णपणे रास्त आहे. अडचण व्याख्येची आहे. मजकूर म्हणतो, मुख्यतः व्यापारी लाभासाठी किंवा पैशाच्या मोबदल्यासाठी नसलेला वापर चालेल. म्हणजे कसोटी वापराची आहे, वापरणाऱ्याची नाही. कंपनीनेही एनसी कृती बिगरव्यापारी कामाला वापरली तर चालतं, आणि धर्मादाय संस्थेनेही नफ्याची विक्री केली तर चालत नाही. मधला पट्टा धूसर आहे: जाहिराती असलेला वैयक्तिक ब्लॉग, शुल्क घेणारी शिकवणी, छपाईच्या खर्चाइतकी किंमत लावलेली पुस्तिका.

न्यायालयांनी काही गाठी सोडवल्या आहेत. शाळांनी बाय-एनसी-एसए पाठ्यसाहित्याच्या झेरॉक्स पैसे देऊन दुकानातून काढून घेतल्या, तेव्हा अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी, २०१८ आणि २०१९मध्ये, उल्लंघन नाही असं ठरवलं. दुकानदार शाळेसाठीच काम करत होता. जर्मनीत कोलोनच्या खालच्या न्यायालयाने २०१४मध्ये एनसी म्हणजे फक्त खासगी वापर असा अर्थ लावला होता. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो अर्थ नाकारला. पण त्याच खटल्यात फोटो कापताना त्यातलं छायाचित्रकाराचं नाव गेलं, ही बाब मात्र वापरणाऱ्याला भोवली.

एनसीची खरी किंमत वेगळीच आहे. विकिपीडियातली चित्रं जिथे साठवली जातात त्या विकिमीडिया कॉमन्सवर एनसी किंवा एनडी फाइल घेतली जात नाही. तुम्ही जिवापाड मेहनतीने काढलेला दुर्मीळ पक्ष्याचा फोटो एनसीखाली ठेवलात, तर त्या पक्ष्यावरच्या विकिपीडिया लेखात तो या परवान्यावर बसू शकत नाही. म्हणून आधी विचारावं: हे काम विकून पैसे मिळण्याची खरोखर शक्यता आहे का? चित्रकार, संगीतकार, स्टॉक फोटो विकणारे यांचं उत्तर ‘हो’ असतं. त्यांनी एनसी लावावा आणि शेजारीच ‘व्यापारी वापरासाठी संपर्क करा’ ही ओळ द्यावी. एनसीने निर्मात्याचे स्वतःचे हात बांधले जात नाहीत, तो तीच कृती वेगळ्या करारावर हवी तितक्यांना विकू शकतो. उत्तर ‘नाही’ असेल तर एनसी लावून फक्त उपयोग घटतो, मिळत काहीच नाही.

एनडी असलेले दोन परवाने, बाय-एनडी आणि बाय-एनसी-एनडी. भाषांतर हे रूपांतर आहे. एनडी लावलेली आरोग्यपुस्तिका दुसऱ्या भाषेत करून वाटता येत नाही, व्हिडिओला भाषांतरित उपशीर्षकं देऊन तो पुढे पाठवता येत नाही, जुनी झालेली आकडेवारी बदलून नवी आवृत्ती काढता येत नाही. कमी मजकूर असलेल्या भाषांचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण ज्ञान त्यांच्यापर्यंत बहुतेकदा भाषांतरातूनच येतं. एनडी लावणाऱ्याच्या मनात सहसा विपर्यासाची धास्ती असते. ती खरी आहे, पण तिचा बंदोबस्त मोकळ्या परवान्यांतही आहे: बदल केल्याचं सांगावं लागतं, निर्मात्याचा पाठिंबा असल्याचा आव आणता येत नाही, आणि निर्मात्याने सांगितलं तर रूपांतरावरून त्याचं नाव काढावं लागतं. संस्थेचं अधिकृत निवेदन किंवा एखाद्याची साक्ष शब्दशः राहायला हवी, तिथे एनडी शोभतो. शैक्षणिक साहित्याला तो लावू नये.

सहांच्या बाहेर एक सातवं साधन आहे, ‘सीसी झीरो’. २००९पासून उपलब्ध. यात श्रेयाचीही अट नाही. त्याची रचना सुरेख आहे: आधी सर्व हक्क सोडून दिले जातात, एखाद्या देशाचा कायदा तसं सोडू देत नसेल तर बिनशर्त परवाना लागू होतो, आणि तोही अपुरा पडला तर हक्क बजावणार नाही असं वचन. माहितीसंचांना हेच योग्य, कारण शंभर ठिकाणांहून जमवलेल्या तक्त्यात शंभर श्रेयं द्यायची म्हटलं तर काम ठप्प होतं. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७मध्ये सुमारे ३,७५,००० प्रतिमा सीसी झीरोखाली दिल्या, स्मिथसोनियनने २०२०मध्ये २८ लाख. मात्र पेटंट आणि ट्रेडमार्क यात सोडले जात नाहीत. या कारणाने फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने २०२२मध्ये नव्या सॉफ्टवेअर कोडसाठी सीसी झीरो घेणं थांबवलं. तसंही सॉफ्टवेअरला वरच्या सहांपैकी कुठलाच परवाना लावू नये, संस्थाही तसंच सांगते. त्यासाठी वेगळे परवाने आहेत.

सीसी झीरोशी ‘पब्लिक डोमेन मार्क’चा घोळ घालू नये. तो हक्क सोडत नाही, मुदत संपलेल्या जुन्या कृतीवर लावायची ती नुसती पाटी आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्राचं स्कॅन करून त्यावर नवा हक्क सांगणाऱ्या संग्रहालयांची प्रथा अन्यायाची होती. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशातल्या चौदाव्या कलमाने मुदत संपलेल्या चित्राच्या हुबेहूब प्रतीला नवं संरक्षण नाही असं स्पष्ट केलं, हे फार चांगलं झालं.

परवाना कशाला पुरत नाही, हेही परवान्याइतकंच महत्त्वाचं. फोटोत असलेल्या माणसाची संमती यात येत नाही. २००७मध्ये एका अल्पवयीन मुलीचा सीसी बाय फोटो परदेशातल्या जाहिरातीत झळकला आणि प्रकरण कोर्टात गेलं. छायाचित्रकाराचा परवाना होता, मुलीची परवानगी नव्हती. ओळखू येणारा चेहरा जाहिरातीत घ्यायचा तर वेगळी लेखी संमती घ्यावी.

आणि कायद्यातले अपवाद. ४.०च्या मजकुरात दुसऱ्या कलमात एक छोटं वाक्य आहे: जिथे कायद्याचा अपवाद लागू होतो, तिथे या परवान्याच्या अटी पाळाव्या लागत नाहीत. माझ्या लेखी साऱ्या मजकुरातली ही सर्वांत मोलाची ओळ. परीक्षणासाठी उतारा, बातमीसाठी उद्धृत, वर्गातला वापर, दृष्टिहीनांसाठी ब्रेल प्रत. यांना परवाना आडवा येत नाही. ज्याच्या पुस्तकावर टीका करायची त्याच्याकडेच परवानगी मागायला लागणं किती विचित्र होईल! दृष्टिहीनांच्या प्रतींसाठी २०१३चा मराकेश करार झाला, तो निर्मात्यांच्या औदार्यावर विसंबता येत नाही म्हणूनच. ज्या कृतींचा मालक सापडतच नाही, त्यांना तर परवाना देणारंच कुणी नसतं. म्हणून ‘सीसी आहे ना, मग अपवाद कशाला’ हा युक्तिवाद कुणी केला तर तो मान्य करू नये. एआयच्या प्रशिक्षणाचा वादही इथेच येऊन थांबतो: एखाद्या देशात ते अपवादात बसत असेल तर एनसी लावून ते रोखता येत नाही, आणि बसत नसेल तर श्रेयासकट सगळ्या अटी लागू होतात.

शेवटचा मुद्दा परत न घेता येण्याचा. निर्माता उद्या मन बदलून कृती उतरवू शकतो, पुढे वेगळ्या अटींवर देऊ शकतो. पण ज्याने आज घेतली त्याचा परवाना मुदतभर टिकतो. हा नियम योग्यच आहे, नाहीतर छापलेलं पुस्तक एका ईमेलने बेकायदा ठरलं असतं. फक्त पुरावा तुमच्याकडे हवा. फोटो उतरवून घेताना त्याच वेळी पानाचं तारीखवार चित्र घ्यावं, परवाना आणि आवृत्ती स्पष्ट दिसेल असं, आणि मूळ दुव्यासह ते फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवावं. निर्मात्यानेही आधी एकच कृती घ्यावी, पूर्ण मजकूर एकदा सावकाश वाचावा, आणि मगच अख्ख्या संग्रहाला परवाना लावावा.